छोट्या टर्बो गाडीचं चाक जागेवर फिरतंय? या चुका टाळा

पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे जाताना जो चढ लागतो, तिथल्या एका सिग्नलला मी सगळ्यात पुढे उभा होतो. जूनचा दुसरा आठवडा, नुकतीच एक सर येऊन गेलेली. पुढची दोन्ही चाकं नेमकी झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. हिरवा पडला, मी पाय दाबला, इंजिन किंचाळलं, डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे घसरतं चाक आवरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी काही पुढे सरकेना. डावीकडची रिक्षा तेवढ्यात टुकटुक करत निघून गेली. माझी गाडी ११० पीएसची (म्हणजे अश्वशक्तीची) टर्बो पेट्रोल. रिक्षाची ताकद किती असते ते इथे लिहीत नाही.

त्या दिवसापर्यंत माझा समज असा की चाक स्लिप मारतं म्हणजे गाडीत दम आहे. पुण्यात हा समज बाळगणारे बरेच भेटतात, आणि त्याला कारणही आहे. फोक्सवॅगन पोलो चाकणला बनायची, १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो रांजणगावला. छोट्या अंगाच्या, मोठ्या पिकअपच्या गाड्या आपल्या अंगणातच तयार झाल्या, तेव्हा इथल्या पोरांना त्यांचं वेड लागलं यात नवल ते काय! पण चाक जागेवर फिरतं तेव्हा इंजिनाची ताकद रबर जाळण्यात जाते, गाडी पळवण्यात नाही.

एकदा हिशेब मांडून पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र खरं आहे. गाडीचं वजन ११०० किलो धरा. इंजिन पुढे असल्यामुळे त्यातलं पावणेसातशे किलो पुढच्या चाकांवर, आणि गाडी ओढतात तीही हीच चाकं. जोरात निघालात की नाक वर उचललं जातं, वजन मागे सरकतं आणि पुढच्या चाकांवर सहाशेच्याही आत उरतं. चांगल्या, कोरड्या डांबरावर यातला जास्तीत जास्त ९० टक्के जोर टायर पेलू शकतो, म्हणजे साधारण ५३० किलो. आता इंजिनाकडे या. १७५ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर) पहिल्या गियरमध्ये, फायनल ड्राइव्ह म्हणजे गियरनंतरची शेवटची दातेरी जोडी धरून, चौदाएक पट होतो. वाटेतलं नुकसान वजा केलं तरी टायरशी साडेसातशे किलोच्या आसपास जोर पोचतो. मागणी ७५०, पेलण्याची ताकद ५३०. म्हणजे कोरड्या रस्त्यावरही पहिल्या गियरमध्ये पूर्ण पाय दाबलात तर चाक फिरणारच. दुसऱ्या गियरमध्ये तोच जोर ४१०च्या घरात येतो, तिथे कोरड्यावर निभावून जातं. ओल्या रस्त्यावर मात्र टायर तीनशेच पेलतो. म्हणून पावसाळ्यात दुसऱ्या गियरमध्येही दिवा लुकलुकतो, आणि माणूस ट्रॅक्शन कंट्रोल बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतो. बिघडलेलं काही नसतं.

पायाचा स्विच करू नका

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी दोन वर्षं केली. टर्बो इंजिन हाकेला लगेच ओ देत नाही. दीड हजार आरपीएमला पाय दाबला तर पहिला क्षणभर काहीच घडत नाही. मग माणूस काय करतो? आणखी दाबतो. तेवढ्यात टर्बोत, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यात, हवेचा दाब तयार होतो आणि सगळा टॉर्क एकदम येऊन आदळतो. माझ्या गाडीत १७५०लाच पूर्ण टॉर्क हजर असतो. म्हणजे तुम्ही मागितलं एका वेळी, मिळालं दुसऱ्या वेळी, आणि तोवर मागणी दुप्पट झालेली.

उपाय कंटाळवाणा आहे. ॲक्सिलरेटर आधी तिसरा हिस्सा दाबायचा आणि तिथेच थांबायचं. गाडी हलली, पाठ सीटला टेकली की मग पुढे दाबत जायचं. मी मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणायचो आणि तीनला पाय पूर्ण खाली. पहिले दोन आकडे जिवावर येतात, कारण शेजारचा बाइकवाला तोवर निघून गेलेला असतो. पण चाक न फिरवता सुटलेली गाडी चाक फिरवत सुटलेल्या गाडीपेक्षा लवकर पुढे जाते. किंचित घसरण मात्र हवीच. टायरला सगळ्यात जास्त पकड मिळते ती चाक गाडीच्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त फिरत असताना. कानाला ती हलकी कुरकुर ऐकू येते. किंकाळी ऐकू आली म्हणजे गेलं काम.

मॅन्युअल गाडीत चार हजारावर रेस देऊन क्लच धाडकन सोडायची फार हौस असते. सोडू नका. दीड ते दोन हजारावर क्लच जिथे पकडतो तिथे अर्धा सेकंद पाय रोखायचा, चाकाला गाडीच्या वेगाशी जुळवून घेऊ द्यायचं, मग पूर्ण सोडायचा. ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवरून पाय काढला की गाडी आपोआप सरकते. ती हातभर सरकू द्या, मग दाबा. क्लचची झीजही वाचते.

आणि एक गोष्ट, हसलात तरी चालेल. सिंहगडावरून उतरून जाड तळव्याच्या, चिखल माखलेल्या बुटांनीच गाडी चालवायला बसलं की पायाला अंदाजच येत नाही. मी डिकीत साध्या चपट्या तळाच्या बुटांचा जोड ठेवतो.

स्टीअरिंग वळलेलं असताना जोर मागू नका

टायरकडे पकडीची एकच थैली असते. वळण्यातही तीच खर्च होते आणि पळण्यातही. चौकात उजवीकडे वळताना स्टीअरिंग अर्धं फिरलेलं आणि पाय तळाशी, म्हणजे दोन्हीकडून उधळपट्टी. शिवाय वळणात गाडी बाहेर झुकते, आतलं चाक हलकं होतं. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गियरपेटीत) आतल्या चाकाला जेवढा जोर पेलतो तेवढाच बाहेरच्या चाकाला मिळतो, त्यामुळे आतलं चाक भिंगरीसारखं फिरतं आणि बाहेरचं नुसतं बघत बसतं. कात्रजच्या जुन्या घाटातल्या हेअरपिनवर हे दर वळणाला अनुभवता येतं. तिथे आधी स्टीअरिंग सरळ होऊ द्या. जेवढं ते सरळ होईल तेवढाच पाय खाली.

स्टीअरिंग हातातून ओढलं जात असेल तर तो बहुतेक वेळा टॉर्क स्टिअर असतो, पुढची चाकं ओढणाऱ्या ताकदवान गाड्यांचा जुना दोष. हिसका देऊन उलट ओढू नका. दोन्ही हातांनी सैलसर पण ठाम धरा आणि पाय थोडा कमी करा.

टायरखाली काय आहे ते बघा

पुण्यातल्या रस्त्याचं वर्णन पुणेकरासमोर काय करायचं! तरी चाकाच्या नजरेने पाहिलं तर काही जागा नोंदवून ठेवण्यासारख्या आहेत. झेब्रा क्रॉसिंगचे आणि स्टॉप लाइनचे जाड रंगाचे पट्टे ओले झाले की गुळगुळीत होतात. ड्रेनेजचं लोखंडी झाकण त्याहून वाईट. चौकातले पेव्हिंग ब्लॉक वर्षानुवर्षं घासून चकचकीत झालेले असतात. खोदकाम बुजवलेल्या पट्ट्यावर बारीक खडी आणि मुरूम पसरलेला असतो, आणि तो कोरड्यातही बॉल बेअरिंगचं काम करतो. मे-जूनमध्ये गुलमोहराखाली ओल्या पाकळ्यांचा सडा असतो. दिसायला सुंदर, टायरला साबण.

वळवाचा पहिला पाऊस सगळ्यात फसवा. महिनोन्महिने साचलेलं तेल, रबराची भुकटी आणि धूळ थोड्या पाण्यात कालवली जाते. अर्धा तास चांगला कोसळला की रस्ता धुऊन निघतो आणि पकड बरीच सुधारते. पण भुरभुर पाऊस असेल तर तो राडा तसाच राहतो.

सिग्नलला थांबताना मी आता एवढंच करतो: स्टॉप लाइनच्या हातभर मागे थांबतो. पुढची चाकं डांबरावर राहतात. त्या जूनमध्ये एवढं कळलं असतं तर ती रिक्षा मागे राहिली असती.

चाक फिरायला लागल्यावर

दोन टोकाच्या चुका होतात. एक, आणखी दाबणं. तापलेलं, घसरतं रबर कमी पकड देतं, त्यामुळे उपयोग शून्य. दुसरी, पाय एकदम काढून घेणं. मग चाक अचानक रस्ता पकडतं, झटका थेट एक्सलला बसतो आणि चाक उड्या मारायला लागतं. पाय पाव इंच वर घ्या, पकड आली की परत द्या. घाबरून क्लच दाबला तर इंजिन मोकळं सुटतं आणि क्लच परत सोडताना तोच खेळ नव्याने सुरू.

ट्रॅक्शन कंट्रोल रस्त्यावर बंद करू नका. घसरणारं चाक ब्रेकने आवरून आणि इंजिनाचा जोर कमी करून ते तुमच्या पायाची चूकच सुधारत असतं. चिखलात किंवा वाळूत गाडी रुतली असेल तर मात्र ते जोर इतका कापतं की गाडी हलतच नाही. तिथे बटण दाबून बंद करा, बाहेर निघा, लगेच चालू करा.

टायरवर पैसे, पण नको तिथे

माझी गाडी सेकंडहँड. टायरची नक्षी छान होती, म्हणून मी निर्धास्त होतो. नाना पेठेतल्या टायरवाल्या काकांनी खडूने टायरच्या बाजूवर एक गोल काढला. आत चार आकडे: २३१७.

“हे वाचता येतं का?”

“नाही, काका.”

“२०१७ सालचा तेविसावा आठवडा. अहो, नक्षी आहे, पण जीव गेलाय रबराचा. नख लावून बघा.”

नख लावलं. प्लास्टिकच्या बादलीसारखं कडक. इथे वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर पाच-सहा वर्षांत असं होऊ शकतं. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसाळ्यात मी तीनच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही. गोटा झाल्यावर बदलू म्हणणाऱ्यांनी आधी तारीख वाचावी.

त्याआधी एका ट्यूनरने मला चाक फिरण्यावर उपाय म्हणून इंजिन रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून जोर वाढवून, घ्यायला सांगितलं होतं. पकड पुरत नाही म्हणून जोर वाढवायचा! मी पैसे दिले, हे आणखी वाईट. नंतर ते काढून टाकलं.

मोठे अलॉय आणि रुंद टायर हाही पहिला उपाय नव्हे. जड चाक, टायरची बाजू (साइडवॉल) पातळ, आणि साचलेल्या पाण्यात रुंद टायर उलट लवकर तरंगतो. त्याच मापाचा, चांगल्या रबराचा, ताजा टायर जास्त फरक पाडतो. दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे टाका. चाक पुढचं फिरतंय आणि नवा टायर मागे, हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण ओल्या वळणात मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. शक्य असेल तर चारही बदला. नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा निसरडा थर असतो, म्हणून पहिले दीड-दोनशे किलोमीटर सबुरीने.

हवेचं थोडक्यात: ड्रायव्हरच्या दाराशी किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेला आकडा, टायर थंड असताना. पंपावरचा पोरगा “हायवेला चाललाय ना, ३८ भरतो” म्हणतो, त्याला नको म्हणा. जास्त हवेने टायर मधोमधच टेकतो. पकड वाढावी म्हणून हवा फार कमी करणं हा शर्यतीच्या पट्ट्यावरचा खेळ. खड्ड्यात रिम वाकेल.

गाडी धुतल्यावर टायर चकाचक करणारं पॉलिशही बघा. ते बाजूला लावायचं असतं. घाईत पोरं नक्षीवरही फासतात, आणि धुऊन आणलेली गाडी पहिल्याच सिग्नलला घसरते.

सगळं करूनही फिरतंय?

कायम एकच चाक फिरत असेल तर दोन्ही बाजूंची हवा, तारीख आणि झीज ताडून पाहा. डावंच फिरत असेल तर कदाचित तुम्हीच रस्त्याच्या कडेच्या मातीवरून निघत असाल.

निघताना पुढून दणादण आवाज येत गाडी थरथरत असेल तर चाक उड्या मारतंय. तसंच रेटू नका, चाकापर्यंत जोर पोचवणारे ड्राइव्हशाफ्ट आणि त्यांचे सीव्ही जॉइंट महागात पडतात. बहुधा इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) किंवा चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश गेलेले असतात. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठाम ठेवा आणि पहिल्या गियरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडा, मग रिव्हर्समध्ये तेच. बघणारा माणूस बाजूला उभा करा, गाडीच्या पुढे-मागे कोणी नको. इंजिन थोडं डुलेल, तेवढं चालतं. बोट-दोन बोटं उसळलं आणि ठक्क आवाज आला तर माउंटिंग बदलायचं.

सराव मोकळ्या खासगी जागेत किंवा आयोजित ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणांवरची वेळेची स्पर्धा) करा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि मुळशीच्या रस्त्यावर रविवारी पहाटे सायकलवाले असतात.

माझं माउंटिंग गेलेलंच होतं, उजवीकडचं. बदलल्यावर थरथर गेली. पांढऱ्या पट्ट्यावर दिवा अजूनही लुकलुकतो, पण तो आता ‘दोन’ म्हणायच्या आतच पाय दाबला गेला तर.