सायकोसिसनंतर घर सावरताना: मुलगा असो की मुलगी, वही एकच

भास थांबले, संशय ओसरला, रात्री झोप लागू लागली की घराला हायसं वाटतं. पण पहिल्या सायकोसिसमधून (भास आणि संशयामुळे खरं-खोटं कळेनासं होणाऱ्या मनोविकारातून) उठलेल्या माणसाचं पुढचं काम तिथून सुरू होतं आणि नेमकी तिथेच घरोघरी एक गफलत होते. मुलगी पोळ्या लाटायला लागली की ‘आता ती बरी आहे’. मुलगा नोकरीला लागत नाही तोवर तो ‘अजून तसाच’. पोळ्या लाटणारी ती मुलगी कित्येक महिन्यांत एकटी जिना उतरलेली नाही, हे कुणी मोजत नाही. घरी बसलेला तो मुलगा रोज वेळेवर उठतो, गोळी न सांगता घेतो, हेही मोजलं जात नाही.

आजार दोघांना वेगवेगळ्या वळणावर गाठतो. पुरुषांमध्ये तो बहुधा अठरा ते पंचवीसच्या आसपास सुरू होतो, स्त्रियांमध्ये सरासरी तीन ते पाच वर्षं उशिरा. पाळी जाण्याच्या वयात स्त्रियांमध्ये आणखी एक छोटी लाट दिसते. त्यामुळे मुलाची पदवी अर्धवट राहिलेली असते, नोकरीचा अनुभव शून्य असतो. मुलीचं शिक्षण अनेकदा झालेलं असतं, मैत्रिणी असतात, म्हणजे परत जायला जागा असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरकही मेंदूला काही प्रमाणात सांभाळून घेतं असं मानलं जातं. म्हणून पहिल्या काही वर्षांत स्त्रियांचं दैनंदिन जगणं सरासरीने लवकर सुधारतं. पुढे हा फरक कमी होत जातो. ही झाली सरासरी. तुमच्या घरात चित्र नेमकं उलटंही असू शकतं, म्हणून आधी रोजच्या नोंदींची एक वही सुरू करा.

सात ओळींची वही

शंभर पानी साधी वही पुरते. रोज रात्री सात ओळी: झोप आणि उठण्याची वेळ, अंघोळ-दात-कपडे, गोळी, घरातलं एक काम, एकट्याने बाहेर जाणं, घराबाहेरच्या कुणाशी बोलणं, पैशाचा एखादा व्यवहार. प्रत्येक ओळीपुढे ‘स्वतःहून’ केलं तर २, ‘सांगितल्यावर’ केलं तर १, ‘सांगूनही नाही’ तर ०. लिहायचं शक्यतो त्या माणसानेच, शेजारी बसून तुम्ही. चोरून लिहिलेली वही सापडली तर संशय पुन्हा डोकं वर काढतो.

महिनाभराने पानं उलटा. मुलीच्या वहीत घरकामापुढे २ची रांग आणि शेवटच्या तीन ओळींत शून्यं, हे चित्र फार वेळा दिसतं. मुलाच्या वहीत घरकामाची ओळ कोरी असते, कारण ताट वाढून आणि कपडे घडी करून आई मोकळी झालेली असते. दोघांनाही शून्याच्या ओळीतलं एकच काम निवडून द्या आणि दोन आठवडे तेच ठेवा. तिला वाण्याकडे पाठवा, पैसे तिने मोजून द्यायचे. त्याला खिचडी शिकवा: पहिल्या आठवड्यात फक्त डाळ-तांदूळ मोजून धुणं, दुसऱ्यात फोडणी. एकदम सगळा स्वयंपाक अंगावर टाकला तर तो अर्ध्यात सोडतो, कारण पायऱ्या क्रमाने लक्षात ठेवणं हीच या आजारात दुखावलेली गोष्ट असते.

‘आळशी झालाय’ म्हणण्याआधी

चेहऱ्यावर भाव नाहीत, बोलणं तुटक, कशातच रस नाही: ही आजाराची लक्षणं आहेत आणि पुरुषांमध्ये ती जास्त आढळतात. गोळ्या भासांवर जितक्या चालतात तितक्या यांच्यावर चालत नाहीत. मात्र सकाळची गुंगी वेगळी. रात्रीची गोळी साडेअकराला घेतली की सकाळचे दहा वाजले तरी डोळे उघडत नाहीत. ती साडेआठ-नऊला घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एवढ्यानेही सकाळ हाती येते.

सततची टीका आजार परत आणू शकते, हे अभ्यासांतून पक्कं झालं आहे. टीका करणाऱ्या माणसाबरोबर आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणं, हे त्या अभ्यासांत धोक्याचं मोजमाप धरलं होतं. वन रूम किचनमध्ये हे तास कधी भरले ते कळतही नाही. म्हणून दोघांनीही रोज दोन-तीन तास घराबाहेर जायची वेळ ठरवून घ्या: वडिलांनी (ठाण्यात असाल तर) तलावपाळीला, म्हणजे तलावाकाठी फिरायला, मुलाने वाचनालयात.

सिगारेट आणि बिडीबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. धुरातले घटक यकृताचा वेग वाढवतात आणि ओलान्झापिन, क्लोझापिन ही सायकोसिसवरची औषधं रक्तातून लवकर उतरतात. म्हणजे टपरीवर जाणाऱ्याला तोच डोस कमी पडतो. उलट त्याने सिगारेट सोडली की आठवड्याभरात औषधाचं प्रमाण वाढून गुंगी, लाळ, तोल जाणं सुरू होऊ शकतं. सोडायचं ठरवलं की आधी डॉक्टरांना फोन करायचा. मळलेली तंबाखू खाल्ल्याने हा परिणाम होत नाही, कारण खेळ धुराचा आहे. (तंबाखू चांगली असा याचा अर्थ नाही.) गांजा मात्र पूर्ण बंद, आजार उलटायचं ते एक मोठं कारण आहे.

लैंगिक अडचण आली की तरुण मुलं कुणाला न सांगता गोळ्या बंद करतात. तपासणीच्या वेळी पाच मिनिटं त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

पाळी, वजन आणि लग्न

सारख्याच डोसने स्त्रियांच्या रक्तात औषधाचं प्रमाण अनेकदा जास्त चढतं. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड या सायकोसिसवरच्या औषधांनी प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढतं आणि पाळी थांबू शकते, स्तनातून दूध येऊ शकतं. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून यावर महिने काढू नका, दीर्घकाळात हाडं ठिसूळ होतात. वहीच्या कडेला पाळीची तारीख लिहा. पाळी चुकली तर विवाहितेची आधी गर्भचाचणी, मग प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी. गोळी बदलल्यावर पाळी परत येते आणि गर्भधारणाही होऊ शकते, हे जोडप्याला आधी सांगायला हवं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते का, कानातले भासाचे आवाज वाढतात का, तेही तारखांवरून कळतं; ती पानं डॉक्टरांना दाखवा.

वजन पहिले दोन महिने दर आठवड्याला करा, दोघांचंही. ६० किलोचं माणूस ६३ वर गेलं की वाट न बघता डॉक्टरांना सांगा. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग वर्षाला.

‘लग्न झालं की बरी होईल’ हा सल्ला देणारे खूप भेटतील. ऐकू नका. आजार लपवायचा म्हणून लग्नाच्या तोंडावर गोळ्या बंद केल्या जातात आणि नव्या घरात, अपुऱ्या झोपेत आजार उसळतो. फसवून केलेलं लग्न कोर्टात रद्दही होऊ शकतं. गोळ्या चालू ठेवून, सगळं सांगून लग्न करा, घाई नको. मूल हवं असेल तर आधीच औषधांची आखणी करून घ्या. व्हॅल्प्रोएट (मनाचे चढउतार आवरणारं औषध) गर्भाला घातक आहे, पण कुठलीही गोळी स्वतःहून थांबवायची नाही. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. रात्री बाळाला दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं, आईला सलग पाच-सहा तास झोप मिळालीच पाहिजे.

लोकलचा सराव

वहीतल्या ‘एकट्याने बाहेर जाणं’ या ओळीसाठी लोकलचा प्रवास पायरीपायरीने करता येतो. ठाण्याचंच उदाहरण घ्या. ठाण्याहून वाशी-पनवेलच्या गाड्या नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात आणि इथूनच भरत असल्याने बसायला मिळतं. दुपारी बारा ते तीनमध्ये ऐरोलीपर्यंत जाऊन यायचं. आधी शेजारी बसून, मग त्याच डब्यात लांब बसून, मग तुम्ही ऐरोलीच्या फलाटावर उभे आणि ती व्यक्ती एकटी. प्रत्येक पायरी तीनदा. मुलीबरोबर लेडीज डब्यात आई किंवा बहीण हवी. सकाळी साडेआठच्या कंपनीवाल्यांच्या गर्दीत पहिल्याच दिवशी घातलं तर ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत’ हे परत सुरू होतं. भीती वाटली तर पुढच्या स्टेशनला उतरून बाकावर दहा मिनिटं बसायचं आणि पुढचीच गाडी पकडायची; घरी पळून आलं की भीती घट्ट होते.

नोकरी शोधतानाही तसंच. आधी दिवसाला चार तास, रात्रपाळी नाही. वर्षभर नुसतं प्रशिक्षण घेत बसण्यापेक्षा छोटं खरं काम आणि मागे आधार, हे जास्त टिकतं.

आजार परत येतोय असं वाटलं तर

आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर गोळ्या किमान एक ते दोन वर्षं लागतात. मधेच बंद केल्या की आजार उलटायचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दोन-तीन रात्री झोप नाही, खोलीचं दार बंद, जेवणावर संशय: यातली दोन लक्षणं दिसली की त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी. पहिल्या वर्षात आत्महत्येचा धोका खरा असतो, म्हणून गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा आणि माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून ठाण्यात समुपदेशनाचं काम करते आहे.

प्रकृती बरी असतानाच आणखी एक कागद करून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुणाही सज्ञान व्यक्तीला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो: साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून. उपचारांचे निर्णय घेताना तो माणूस आधार देतो. विवाहित मुलीने आई, नवरा की बहीण, कुणाला नेमायचं ते तिने ठरवावं. त्या कागदाची एक प्रत फाइलमध्ये ठेवा, एक डॉक्टरांकडे द्या.