रोजच्या कामातून पाचारण ओळखताना

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘पाचारण’, म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी बोलावणे, हा शब्द बहुधा पाळकीय सेवेसाठीच राखून ठेवलेला असतो. संजीवन सभेत कोणी पुढे आला आणि नंतर सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, गेला, की त्याला पाचारण झाले असे आपण म्हणतो; बँकेत, शाळेत, शेतात किंवा स्वयंपाकघरात राबणारे बाकीचे मात्र आपल्याला वेगळे असे काही नेमून दिलेले नाही, असे धरून चालतात. वास्तविक प्रेषित पौल करिंथमध्ये अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करीत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३) आणि त्याच नगरात वचनही सांगत होता. म्हणून आपले जीवितकार्य शोधू पाहणाऱ्याने नोकरी सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आज हाती असलेल्या कामाकडे नीट पाहावे.

या शोधात मला बायबलच्या जुन्या करारातील नहेम्याचे पुस्तक सर्वांत उपयोगी वाटते, कारण नहेम्याला ना दर्शन झाले, ना स्वर्गातून वाणी ऐकू आली. तो शूशन राजवाड्यात पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक, होता. यरुशलेमेचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत, हे कळल्यावर तो रडला, त्याने उपास केला आणि किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, तो हीच गोष्ट देवापुढे मांडत राहिला. या काळात त्याने राजवाड्यातली चाकरी सोडली नाही.

तेव्हा आरंभ असा करावा: चार महिन्यांची मुदत ठरवून एक वही घ्यावी आणि रोज रात्री पंधरा मिनिटे शांत बसून दिवस देवासमोर उलगडावा. आजच्या कामात कोणाची अडचण मनाला लागून राहिली, कोणते काम करताना थकूनही समाधान वाटले आणि कोणत्या माणसाला आपण टाळले, एवढेच लिहावे. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन अंथरुणाला खिळलेल्या संत इग्नेशियस (पुढे जेझुइट संघाचे संस्थापक) यांच्या असे ध्यानात आले की, शौर्याच्या व दरबारी मानाच्या कल्पना रंगवताना मौज वाटते, पण नंतर मन कोरडे पडते. संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार मात्र ओसरल्यावरही आनंद मागे ठेवतात. वहीत हाच फरक शोधायचा असतो आणि तो एका रात्रीत दिसत नाही. पहिल्या महिन्यात बहुतेकांच्या वहीत निव्वळ साहेबांविषयीच्या तक्रारी भरतात. त्याही राहू द्याव्यात.

प्रार्थनेत केवळ ‘मला मार्ग दाखव’ असे मागत राहू नये. नहेम्या आपल्या प्रार्थनेत स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापाची कबुली देतो. ढासळलेल्या तटाची जबाबदारी तो इतरांवर ढकलत नाही. उदाहरणार्थ, आपण बँकेत असू आणि खिडकीपाशी रांगेत ताटकळणाऱ्या वृद्धांची आपल्याला कणव येत असेल, तर त्या ताटकळण्यात आपल्या तुसडेपणाचा किंवा आळसाचा वाटा किती, हे आधी बोलावे. माझ्या मते पुष्कळांचे पाचारण याच कबुलीपाशी सापडते.

यानंतर आपल्या कामाने आपल्याला काय दिले आहे, त्याची यादी करावी. राजाने उदासपणाचे कारण विचारताच नहेम्याने मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि यरुशलेम पुन्हा बांधण्यासाठी लगेच रजा, पत्रे व लाकूड मागितले. हे सर्व त्याला मागता आले, ते रोजच्या चाकरीत कमावलेल्या विश्वासामुळे. अर्ज भरण्याची सवय, हिशेबाची शिस्त, रुग्णाजवळ बसण्याची चिकाटी किंवा चार गावांतल्या ओळखी ही अशीच शिदोरी होय. जुन्या जखमाही या यादीत याव्यात. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७०च्या दशकातील दुष्काळात गेले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मनात एक दिशा स्पष्ट होऊ लागली, तरी लगेच जाहीर साक्ष देऊ नये. यरुशलेमेत पोहोचल्यावर नहेम्याने कोणालाही न सांगता रात्री थोड्या माणसांसह तटाची पाहणी केली. आपणही सहा आठवडे, आठवड्यातून दोन तास, ते काम प्रत्यक्ष करून पाहावे आणि नंतर एखाद्या अनुभवी, शक्यतो आपली खुशामत न करणाऱ्या विश्वासणाऱ्याला वही वाचून दाखवावी. बालक शमुवेलाला हाक ऐकू येत होती, पण ती परमेश्वराची आहे हे तिसऱ्या वेळी वृद्ध याजक एलीच्या लक्षात आले.

काम लहान निघाले तर खट्टू होऊ नये. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात सोनार आणि सुगंधी द्रव्ये करणारे भिंत बांधताना दिसतात, शल्लूम आपल्या मुलींसह डागडुजी करतो आणि कित्येक जण फक्त आपापल्या घरासमोरचा भाग उचलतात. तट बावन्न दिवसांत पुरा झाला.

शेवटी या कामाची मुदत ठरवावी. नहेम्यानेही राजाला परत येण्याची वेळ सांगितली होती. आपणही प्रारंभी एक वर्ष घ्यावे, घरच्यांना किती वेळ व पैसा लागेल ते आधीच सांगावे आणि वर्षअखेरीस त्याच वडीलधाऱ्या व्यक्तीबरोबर बसून ते काम पुढे चालवायचे, बदलायचे की दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, हे ठरवावे.