मास मॉडेल बदलताय? उलटे रेटही बदला

आर-प्रोसेसवर (भराभर न्यूट्रॉन गिळत जड मूलद्रव्यं घडण्याच्या प्रक्रियेवर) काम सुरू केलं की पहिलं काम बहुधा हेच मिळतं: एक मास मॉडेल (केंद्रकांची वस्तुमानं वर्तवणारं) काढा, दुसरं घाला आणि सोन्या-प्लॅटिनमच्या शिखरात, म्हणजे वस्तुमानांक १९५ च्या आसपास, काय फरक पडतो ते बघा. नवख्यांचे महिने इथेच वाया जातात.

१ गिगाकेल्विनला केटी, म्हणजे औष्णिक ऊर्जेचं माप, जेमतेम ०.०८६ एमईव्ही. एफआरडीएम २०१२ या मास मॉडेलची चूक मोजलेल्या केंद्रकांवरच ०.५६ एमईव्हीच्या घरात. न मोजलेल्यांवर किती, कोण सांगणार? न्यूट्रॉन विलगन ऊर्जा (केंद्रकातून एक न्यूट्रॉन काढायला लागणारी) अर्धा एमईव्ही सरकली, तर न्यूट्रॉनचं ग्रहण आणि प्रकाशविघटन (गॅमा किरणाने न्यूट्रॉन सुटणं) यांच्या समतोलात शेजारच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर सव्वातीनशे पटींहून जास्त बदलतं.

आता खरा सापळा. रिअ‍ॅक्लिबमध्ये, म्हणजे अभिक्रियांच्या रेटच्या संग्रहात, प्रकाशविघटनाचे, म्हणजे ग्रहणाचे उलटे, रेट वेगळ्या सेटमध्ये असतात, ‘व्ही’ खुणेचे, आणि त्यांत जुनी क्यू किंमत (ग्रहणात सुटणारी ऊर्जा) मुरलेली असते. तुम्ही वस्तुमानांची फाइल बदलली तरी ते तसेच राहतात. कोड मुकाट चालतो, आलेखही देखणा येतो, पण तो चुकीचा असतो. कोडमध्ये डिटेल्ड बॅलन्सने, म्हणजे ग्रहणाच्या रेटवरून आणि वस्तुमानांवरून, उलटे रेट काढायची सोय असेल (स्कायनेट या कोडमध्ये आहे), तर तीच वापरा. नसेल तर ग्रहणाच्या क्यूमधला फरक (नवी वजा जुनी) एमईव्हीत घेऊन ११.६०५ ने गुणा आणि उलट्या रेटच्या सूत्रातल्या ए१ गुणांकातून वजा करा. एका रेटचे दोन-तीन सेट असतील तर प्रत्येकात. पार्टिशन फंक्शनचं (केंद्रकाच्या उत्तेजित अवस्थांच्या हिशेबाचं) गुणोत्तर वरून गुणावं लागतं, तेही विसरू नका. आणि एका केंद्रकाचं वस्तुमान वाढवलं की त्याची विलगन ऊर्जा घटते, पुढच्या समस्थानिकाची तेवढीच वाढते. म्हणजे दोन उलटे रेट बदलायचे.

झालं का ते तपासणं सोपं आहे. तापमान आणि न्यूट्रॉन घनता स्थिर धरा, बीटा क्षय बंद करा आणि आलेली गुणोत्तरं साहा समीकरणाशी (ते समतोलातली गुणोत्तरं देतं) ताडून बघा. दुपारभराचं काम आहे, घाबरू नका.

मॉन्टे कार्लोच्या (रेट यादृच्छिकपणे बदलून पुन्हा पुन्हा गणित करण्याच्या) हजार फेऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ग्रहण आणि प्रकाशविघटन यांना वेगवेगळे यादृच्छिक गुणक दिले की समतोलच मोडतो, आणि तशा फेऱ्या कितीही केल्या तरी फुकट. दोघांना एकच गुणक द्या. गाइड नुसतंच ‘सेन्सिटिव्हिटी काढ’ (कशाने निकाल किती बदलतो ते बघ) म्हणाले तर कोणत्या ट्रॅजेक्टरीवर (काळानुसार तापमान-घनतेच्या मार्गावर), हे स्पष्ट विचारा. थंड ट्रॅजेक्टरीत प्रकाशविघटन लवकर थांबतं. तिथे वस्तुमानापेक्षा ग्रहणाचे रेट आणि अर्धायुष्यं जास्त बोलतात.

एएमई २०२० या तक्त्यातली मोजलेली वस्तुमानं जरूर ठेवा. फक्त एकाच विलगन ऊर्जेत एक वस्तुमान मोजलेलं आणि दुसरं मॉडेलचं घेऊ नका. सांध्यावर खोटी उडी दिसते आणि ती शेल क्लोजर (केंद्रकातलं कवच पूर्ण भरल्याची खूण) वाटते.