घसाऱ्यावरची सवय बर्फात नको: स्कीइंगला निघालेल्या ग्रुपने या चुका टाळा

दर शनिवारी पहाटे स्वारगेटला भेटून राजगड-तोरणा करणारा ग्रुप स्कीइंगचा बेत आखतो, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलेली असते: आपल्याला डोंगराची सवय आहे. आम्हीही तेच धरलं होतं. सात जण, जॉर्जियातलं गुदौरी, फेब्रुवारीतले सहा दिवस. दमसास कामाला आला, हे खरं. पण सह्याद्रीने लावलेल्या काही सवयीच आम्हाला नडल्या, आणि त्यातली एक आमच्या मैत्रिणीच्या गुडघ्यावर बेतली.

मागे झुकणं

घसारा उतरताना आपण टाचा रोवतो, अंग डोंगराकडे टाकतो, फारच झालं तर खाली बसून घसरतो. स्कीवर याच्या बरोबर उलट करावं लागतं. वजन मागे गेलं की स्कीचं पुढचं टोक हलकं पडतं, आणि वळायला तर त्याचीच पकड लागते. म्हणजे घाबरून मागे झुकलात की ताबा सुटतो, वेग वाढतो, मग माणूस आणखी घाबरतो आणि आणखी मागे जातो. ओळखायची खूण सोपी आहे. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली जाणवली पाहिजे. पोटरी मागे टेकत असेल तर घोटे आणि गुडघे वाकवा आणि दोन्ही हात पुढे आणा, चहाचा भरलेला ट्रे धरल्यासारखे. तासाभरातच मांड्या पेटल्या, तर बहुतेक तुम्ही मागेच झुकलेले होतात.

तयारीही याच हिशेबाने करा. पर्वती झपाझप चढण्यापेक्षा तिच्या पायऱ्या सावकाश, गुडघ्यावर ताबा ठेवून उतरणं जास्त कामाचं. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, आणि स्कीवर दिवसभर त्याला जवळपास हेच काम असतं. निघण्याआधी दीड-दोन महिने तरी हवेत. शेवटच्या आठवड्यात घाई करून दुखरे पाय घेऊन विमानात बसू नका.

सगळ्यांचा फॉर्म एकाने भरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात वजन, उंची, वय आणि स्कीइंगचा अनुभव विचारतात. यावरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून बाइंडिंगचा आकडा ठरतो, म्हणजे पडल्यावर किती जोर आला की बूट स्कीपासून सुटेल ते. आमच्यातल्या एकाने वेळ वाचावा म्हणून सातही फॉर्म भरले. वजनं अंदाजाने लिहिली आणि अनुभवापुढे सगळ्यांच्या नावाने ‘मध्यम’. तो गुलमर्गला दोनदा जाऊन आलेला होता, बाकीच्यांनी स्की पहिल्यांदाच हातात घेतली होती. अनुभव जास्त लिहिला की बाइंडिंग घट्ट लागतं. मैत्रीण तिसऱ्या दिवशी हळू वेगातच पडली, स्की सुटली नाही आणि पाय पिरगळला. फक्त फॉर्ममुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण प्रत्येकाने आपला फॉर्म स्वतः आणि खरा भरायलाच हवा. वजन सांगायची लाज तिथे नको.

बूट घालताना मोजा एकच, पातळ. ट्रेकसारखे दोन जाड मोजे घातले तर पाय आवळतो, रक्त खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत.

‘एकत्रच जाऊ’चा हट्ट

पुढे लीडर, मागे अनुभवी माणूस, मध्ये सगळे, कुणालाही मागे सोडायचं नाही. कात्रज ते सिंहगड रात्री चालताना हा नियम जीव वाचवतो. स्लोपवर तो नवख्या माणसाला त्याच्या कुवतीबाहेर ओढून नेतो. आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी तीननंतर ‘शेवटची एक, सगळे मिळून’ म्हणत लाल खुणेच्या, म्हणजे अवघड उतारावर गेलो. मैत्रीण नको म्हणत होती. पाय थकलेले, दिवसभरात बर्फ उकरला जाऊन ढीग झालेले, उजेड उतरलेला. तिच्या गुडघ्यातून आलेला बारीक ‘टक्’ आवाज तिच्यामागे असलेल्या मला ऐकू आला.

सकाळी आपापल्या पातळीप्रमाणे वेगळे व्हा, दीड वाजता ठरलेल्या जागी जेवायला भेटा. हिरव्या आणि निळ्या, म्हणजे सोप्या उतारांवर दोन दिवस जास्त गेले तर काही बिघडत नाही. आणि ग्रुप फोटोसाठी उंचवट्याच्या लगेच खाली थांबू नका, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. पुढच्याला सांभाळायची जबाबदारी मागून येणाऱ्याची, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण दिसेल अशा ठिकाणी, कडेला थांबणं आपल्या हातात असतं.

पाऊलवाट दिसली म्हणून

गुदौरीचे उतार झाडांच्या रेषेच्या वर, उघडे बोडके आहेत. ढग उतरला की जमीन आणि आकाश एकच पांढरं होतं आणि खड्डाही दिसत नाही. फक्त काळ्या काचेचा गॉगल नेलात तर फसाल. पिवळी किंवा गुलाबी काच सोबत ठेवा आणि कडेचे खांब धरून उतरा. या उघडेपणामुळेच खुणांच्या बाहेर स्कीच्या रेघा दिसतात आणि आपल्याला त्या पाऊलवाटेसारख्या वाटतात. सह्याद्रीत वाट दिसली की कुणीतरी सुखरूप गेलेलं असतं. बर्फात त्या रेघांचा भरवसा नाही. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, आणि माणसं त्यात अडकतात त्यातल्या बहुतेक वेळा ते त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेलं असतं. धोक्याची पातळी १ ते ५ अशी सांगतात. ३ म्हणजे मधली, असं समजू नका. ती गंभीर आहे. प्रशिक्षित गाइड आणि सोबत बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं नसेल तर खुणांच्या आतच राहा.

बाकीचं थोडक्यात. कॉटनचा टी-शर्ट घामाने भिजून गारठा आणतो, आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर घाला. गुदौरीचं गावच सुमारे २,२०० मीटरवर आहे, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा कितीतरी वर. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा. हेल्मेट घ्याच.

गुडघा गेलाच तर

उभं राहून ‘चालतंय का’ बघायचं नाही. आम्ही ते केलं आणि ती पुन्हा कोसळली. जखमीच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणारे वळून जातील. लिफ्टच्या माणसाला कळवा किंवा ११२ लावा, हा नंबर जॉर्जियातही चालतो. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. इन्शुरन्स घेताना हिवाळी खेळ आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरलाय का, ते पॉलिसीच्या कागदात वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग अनेकदा वगळलेलं असतं.

परतीच्या विमानाच्या दिवशीच गुदौरीहून निघू नका. राजधानी तिबिलिसी साधारण १२० किलोमीटर आहे, पण बर्फ आणि हिमस्खलनाच्या धोक्याने रस्ता बंद होऊ शकतो. आदली रात्र तिबिलिसीत काढा. अबानोतुबानी भागात गंधकाच्या गरम पाण्याचे हमाम आहेत, दुखऱ्या मांड्यांना बरं वाटतं. सुजलेला गुडघा मात्र त्यात बुडवू नका. पहिले दोन दिवस त्याला कापडात गुंडाळलेला बर्फच लावा.