निअँडरथलांनी मृताला पुरलं, हे कसं तपासावं

निअँडरथल म्हणजे आपले नामशेष झालेले आदिमानव नातलग. त्यांच्या दफनाची बातमी आली की सांगाडा बाजूला ठेवा, आधी माती बघा. डिचोलीच्या शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना चिरेखाणीच्या कापलेल्या कड्यासमोर उभं करते. पूर्वी कुणी खड्डा खणून बुजवला असेल, तर त्यातली भर रंगानं वेगळी दिसते, कडही ओळखू येते. गुहेतही पहिला प्रश्न हाच: खड्डा खणलेला, की जमीन मुळातच खोलगट?

मग हाडांची जागा बघा. जनावर रानात मेलं की कोल्हीकुत्री हाडं चहूकडे ओढून नेतात. इस्रायलमधल्या केबारा गुहेत १९८३ साली सापडलेल्या सांगाड्यात मात्र जिभेच्या मुळाशी असणारं नाजूक हाडसुद्धा जागेवर होतं. म्हणजे देह लवकर झाकला गेला. पण गुहेचं छत कोसळूनही माणूस झाकला जातो, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

शेजारच्या प्राण्यांच्या हाडांशी तुलना ही मला सगळ्यात भक्कम कसोटी वाटते. फ्रान्सच्या ला शापेल-ओ-सँ इथला सांगाडा १९०८चा. पुढे तिथं पुन्हा उत्खनन झालं आणि २०१३ साली निष्कर्ष आले: रेनडिअर, गवे यांची हाडं उघड्यावर झिजलेली, चावलेली, माणसाची जवळजवळ शाबूत. खड्डाही नैसर्गिक वाटेना.

फुलांची गोष्ट आली की सर्वांत सावध राहा. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत एका सांगाड्याभोवती परागकणांचे पुंजके मिळाले आणि फुलं वाहिल्याची कल्पना जगभर पसरली. मुलांनाही ती फार आवडते. पण ते पराग बिळं करणाऱ्या उंदरांनी किंवा मातीत घर करणाऱ्या मधमाश्यांनी आणलेले असू शकतात. फुलं वजा केली तरी दफनाचा प्रश्न स्वतंत्रपणे उरतोच.

‘टीचर, मग आपल्याकडे का मिळत नाहीत?’ असं मुलं विचारतात. निअँडरथलांचे अवशेष युरोप आणि पश्चिम-मध्य आशियात सापडतात, तेही बरेचसे चुनखडीच्या गुहांत. आमच्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत तर हाडच विरतं. तेव्हा उघड्यावर पुरलेल्यांची मोजदाद आपल्या हाती नाही, हे धरूनच हिशेब करा.

क्रोएशियातल्या क्रापिनाच्या हाडांवर दगडी हत्यारांचे ओरखडे आहेत. मांस खाल्लं की विधी म्हणून देह सोलला, यावर वाद आहे. सगळीकडे एकच रीत होती असं म्हणू नका.

सरावासाठी फ्रान्समधल्या ला फेरासीचं सुमारे दोन वर्षांचं मूल घ्या. १९७०च्या दशकात खणून काढलेली ती हाडं संशोधकांनी पुन्हा तपासली, निष्कर्ष २०२० साली आले. हाडं विखुरलेली नव्हती, आसपासच्या प्राण्यांच्या हाडांपेक्षा चांगली टिकलेली होती. थराचा उतार ईशान्येकडे, तरी पूर्वेकडचं डोकं कमरेपेक्षा उंच होतं; देह नुसता उतारावर पडलेला असता, तर डोकं खाली असतं.