सुरीचं म्यान ओलं करून बसवताय? या चुका टाळा

चामड्याचं म्यान भिजवून सुरीवर दाबायचं आणि त्याच आकारात वाळवायचं, म्हणजे सुरी घट्ट बसते. असं माझं पहिलं म्यान मी चुलीवर सुकवलं. जुलै महिना, देवगडाकडचं घर, चार दिवस सूर्य दिसला नव्हता. पावसाळ्यात ओली लाकडं जिथे रचतो त्या चुलीवरच्या फळीवर म्यान ठेवलं आणि झोपलो. सकाळी काकी ते हातात घेऊन आली. "ही काय सोलां (आमसुलं) आसत रे, चुलीर सुकवूक?" म्यान बोटभर आखडलेलं, तोंड वाकडं झालेलं, आणि दुमडलेल्या कडेला पापडासारखी चीर. सुरी आत शिरेचना.

पुढची दोन म्यानंही बिघडली, पण दर वेळी नव्या कारणाने. व्हिडिओत दाखवतात तसंच सगळं केलं होतं. मात्र ते व्हिडिओ कोरड्या हवेच्या गावांतले. "रात्रभर ठेवा, सकाळी तयार" हे तिथे खरं असेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा बरणीत पाझरतं. माझे बिघाड मोजले तर बहुतेक पाण्यापाशीच येऊन थांबतात: किती घातलं, कुठलं घातलं आणि बाहेर कसं काढलं.

चामडं कुठलं

हे चुकलं तर पुढची मेहनत फुकट. ओलं करून आकार देता येतो तो झाडसालीत कमावलेल्या चामड्याला. बाभळीची साल, हिरडा यांत कमावलेलं चामडं भिजलं की त्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात, आणि वाळताना जिथे असतील तिथेच घट्ट होतात. बाजारातल्या पर्स, जॅकेटं, सोफे यांचं चामडं बहुधा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. ते भिजतं, दाबलं की दबतं आणि वाळल्यावर पुन्हा आपलं आपल्या जागी जातं. शिवाय त्यातल्या क्षारांमुळे पातं गंजतं ते वेगळंच.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. झाडसालीचं चामडं आतपर्यंत बदामी-तपकिरी दिसतं. क्रोमचं असेल तर मधला थर बऱ्याचदा निळसर-राखाडी. पाण्याचा थेंब टाकला की झाडसालीचं चामडं तो पिऊन गडद होतं. रंग वा पॉलिश चढवलेल्या चामड्यावर थेंब तसाच बसून राहतो, मग ते कुठलंही असो, म्हणून कड बघणंच बरं.

आम्हाला सोयीचं म्हणजे फोंडाघाट चढून कोल्हापूर. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीने बाभूळ आणि हिरड्यातच कमावतात. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तळव्याचं जाड चामडं मात्र घेऊ नका, ते वळत नाही. हातभराहून लहान पात्याच्या सुरीला 3 ते 3.5 मिलिमीटर जाडी पुरते. 2 मिलिमीटरच्या खाली गेलात तर आकार छान येईल, पण महिन्याभरात म्यान मोज्यासारखं लोंबेल.

बेतताना हात आखडता घेणं

म्यान घट्ट बसावं म्हणून माप घट्ट घ्यायचं, ही सगळ्यात साहजिक चूक आहे. घट्टपणा मापातून यायचा नसतो, तो आकारातून येतो. सुरी कागदावर ठेवून बाहेरची रेघ मारली की धारेच्या बाजूला मुठीची अर्धी जाडी, अधिक चामड्याची जाडी, अधिक शिवणीसाठी 8 ते 10 मिलिमीटर एवढी जागा सोडा. जास्तीचं शेवटी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या पात्याने, कापता येतं. कमी पडलेलं कुठून आणणार?

दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, त्याच चामड्याची एक पट्टी चिकटवून शिवायची. ती नसली तर सुरी आत-बाहेर होताना धार थेट दोऱ्यावर चालते. माझ्या दुसऱ्या म्यानाची शिवण अशीच आतून कापली गेली. मला वाटत होतं दोरा कुजला. बाजारपेठेत चपला शिवणाऱ्या काकांना दाखवलं, त्यांनी म्यान बॅटरीच्या उजेडात उघडून नुसतं बोट ठेवलं. दोऱ्याचे तुकडे स्वच्छ कापलेले होते, कुजलेला दोरा असा तुटत नाही. शिवण त्यांच्यासारखीच करा: आरीने भोक, आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही बाजूंनी. एक टाका तुटला तरी उसवत जात नाही.

चिकटवणं, शिवणं आधी. भिजवणं त्यानंतर.

जाता जाता कोयतीबद्दल. कमरेच्या आकडीतली कोयती म्यानात घालायचा हट्ट एकाने माझ्याकडे धरला होता. वाकडं आणि पुढे रुंद होत जाणारं पातं शिवलेल्या म्यानात जातच नाही. गेलंच तर म्यान ढगळ ठेवावं लागतं. तिला आकडीच बरी.

पाणी कुठलं

किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ते वापरलंत तर पाणी उडून जातं आणि मीठ चामड्यात राहतं. ते मीठ पुढे दमट हवेतलं पाणी ओढत बसतं, म्यान कायम गारगार लागतं आणि पात्यावर तांबूस ठिपके उमटतात. उकळून उपयोग नाही, मीठ उडत नाही.

दुसरा त्रास लोखंडाचा. आपला जांभा लाल आहे तोच लोखंडाच्या गंजामुळे, आणि काही विहिरींच्या पाण्यात लोह उतरतं. बादलीला तळाशी तांबूस साका बसत असेल तर ते पाणी नको. झाडसालीतल्या टॅनिनला लोह लागलं की काळं पडतं. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) मिसळून जुने लोक शाई करायचे, तीच ही शाई, फक्त तुमच्या म्यानावर. पावसाचं पाणी उत्तम, पण कौलांवरून पडलेलं. गंजक्या पत्र्यावरची पागोळी नको.

आणि कोमट म्हणजे बोट बुडवून ठेवता येईल एवढंच. गरम पाण्यात चामडं लवकर मऊ पडतं म्हणून मोह होतो. झाडसालीत कमावलेलं ओलं चामडं साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसला आकसतं आणि कडक होतं, ते पुन्हा सरळ होत नाही. काकीच्या चुलीवर नेमकं हेच झालं होतं. कोरडं चामडं त्याहून जास्त ताप सोसतं, ओलं सोसत नाही.

पाणी किती

इथे थोडं रेंगाळतो, कारण सुरी घट्ट बसणार की खुळखुळणार हे इथेच ठरतं.

शिवलेलं म्यान पाण्यात बुडवलं की बुडबुडे येतात. ते थांबत आले की काढा. 3 मिलिमीटरच्या चामड्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. अर्धा तास विसरलात तर चामडं लिबलिबीत होतं. मग ते सुरीवर ओढलं की ताणून पातळ होतं, बोटांचे ठसे पडतात, दाबलेली घडी पुन्हा फुगून येते. घावनाचं पीठ आणि भाकरीचा उंडा यातला फरक इथे आहे. आपल्याला उंडा हवा: दाबला तिथे खळगा राहील, पण हाताला पाणी लागणार नाही.

त्यासाठी पाण्यातून काढलेलं म्यान प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन-चार तास ठेवा, म्हणजे ओल मधल्या पट्टीपर्यंत सारखी पसरते. मग बाहेर काढून पंख्यापासून लांब ठेवा आणि रंगावर नजर ठेवा. गडद तपकिरी रंग हळूहळू मूळच्या बदामीकडे परतायला लागतो, आधी कडेला, मग मध्ये. वरून रंग उजळला आणि गालाला लावल्यावर अजून गार वाटलं की वेळ झाली. मे महिन्यात ही वेळ पाऊण तासात येते. आषाढात दोन-अडीच तास वाट बघावी लागते, आणि घाई झाली की मी ओल्यातच दाबायला घेतो. आजही.

सुरी उघडी घालणं

आमच्या सुऱ्या लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांच्या पोलादातून घडवतो. धार सुरेख धरतात, गंजही तितकाच लवकर धरतात. उघडं पातं ओल्या चामड्यात घातलं तर तासाभरात चामड्यावर काळा पट्टा आणि पात्यावर गंज, दोन्ही एकदम.

डबे झाकायचा पातळ प्लॅस्टिक कागद दोन वेढे गुंडाळा, मुठीसकट. मूठ लाकडी असेल तर तीही पाणी पिते. धारेवर आधी कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर धार प्लॅस्टिक कापून बाहेर येते. या वेढ्यांची जाडीसुद्धा हिशेबात धरायची असते: चामडं वाळताना जरासं आवळतं, आणि प्लॅस्टिक काढल्यावर तेवढीच जागा सुटते. दोन वेढ्यांना माझ्या सुऱ्या बरोबर बसतात, चार वेढ्यांना सैल झाल्या.

काळा डाग पडलाच तर लिंबाचा रस पाण्यात घालून फडक्याने सगळ्या म्यानावर सारखा फिरवा, नुसत्या डागावर नको, नाहीतर त्या जागी फिकट चट्टा राहतो. मग साध्या पाण्याने पुसून घ्या. हे तेल लावण्याआधी. डाग जुना असेल तर फिका होतो, जात नाही.

दाबायचं कुठे

पहिल्यांदा करणारा पात्याची रेघ न् रेघ उठवत बसतो. दिसायला झकास, पण सुरी धरून ठेवायचं काम पातं करत नाही. पकड येते ती मुठीच्या सुरुवातीला, जिथे मूठ फुगते आणि नंतर बारीक होते. निदान तिसरा हिस्सा मूठ म्यानात जायला हवी, आणि सगळी ताकद त्या फुगीर भागाच्या मागच्या खळग्यावर लावायची. सुरी आत ढकलताना शेवटी हलकासा 'टक्' होतो तो तिथला.

नखं कापून बसा, अंगठी काढा. दाबायला चमच्याची दांडी चालते. मी करवंटीचा तुकडा घासून गुळगुळीत केलाय, तो खळग्यात बरोबर शिरतो. धारेच्या बाजूला मात्र हात हलका ठेवा; तिथे चामडं आत दाबलं गेलं तर सुरी येता-जाता ते सोलत राहते.

वाळवणं

ऊन नको, चूल नको, केस वाळवायचं यंत्रही नको. वरचा थर आधी वाळून आवळतो, आत ओल तशीच, आणि म्यान पिळवटतं. सावलीत, पंख्याखाली, टोक वर करून टांगा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. पावसात तीन ते पाच दिवस लागतात आणि खरी अडचण इथे येते: एवढा वेळ सुरी आत ठेवली तर प्लॅस्टिकच्या आतही घाम धरून ती गंजते, आणि काढून ठेवली तर म्यान बसकण मारतं.

यावर उपाय चपलेवाल्या काकांनीच सांगितला. "चप्पल करताना काय पाय आत ठेवतो काय आम्ही? फर्मा कर." सुरीच्या आकाराचा लाकडी फर्मा पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडातून तासाभरात होतो. पातं हुबेहूब नसलं तरी चालतं, मुठीचा फुगा आणि खळगा मात्र कंपासने मापून करा. सुरीवर दाबून आकार दिला, तासभर थांबलो, सुरी काढली, प्लॅस्टिक गुंडाळलेला फर्मा घातला. त्यानंतर एकही सुरी गंजली नाही.

म्यान वाळलं की नाही हे हाताने कळत नाही, निदान आपल्या हवेत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भिजवायच्या आधी वजन करून भिंतीवर लिहून ठेवा. मागच्या म्यानाचं कोरडं वजन 112 ग्रॅम होतं, भिजल्यावर 166. दुसऱ्या दिवशी 134, चौथ्या दिवशी 117, पाचव्या दिवशीही 117. पावसाळ्यात ते 112 वर येणारच नाही, हवेतलीच ओल धरून बसतं. दोन दिवस आकडा हलला नाही की झालं.

मधेच पांढरी लव दिसली तर ती बुरशी. स्पिरिटने पुसा, पंखा वाढवा, आणि म्यान भिंतीपासून सोडवून टांगा. माझी बुरशी नेहमी भिंतीकडच्या बाजूलाच आली.

तेलाचा उत्साह

घरात खोबरेल असतंच, हात तिकडे जातो. चामडं ते हवं तेवढं पितं आणि आठवड्यात इतकं मऊ होतं की कष्टाने आणलेला आकार सुटतो. पूर्ण वाळल्यावर बोटाने एकच पातळ हात, मग मधमाश्यांचं मेण घासून कोरड्या फडक्याने चोळायचं. मेण जास्त, तेल कमी. आतल्या बाजूला काही लावू नका.

आणि हे सगळं पकड तपासून झाल्यावरच, कारण तेलमेण लागलं की चामडं पुन्हा नीट पाणी पीत नाही. सुरी घालून म्यान गादीवर उलटं धरा आणि झटका द्या. पायावर धरून बघणारे मी पाहिलेत. पडली, तर मुठीजवळचा भाग ओल्या फडक्याने भिजवून तेवढाच पुन्हा दाबा. उलट, दोन हातांनी ओढावी लागत असेल तर सगळं म्यान भिजवून फर्म्यावर प्लॅस्टिकचा एक वेढा वाढवा. असं दोनदा चालतं. तिसऱ्या खेपेला चामडं थकलेलं असतं, नवीन बेता.

आमच्या पडवीत दोन खिळे आहेत. मृगापासून दसऱ्यापर्यंत एकावर म्यान टांगलेलं असतं, दुसऱ्यावर तेलाचा हात दिलेली सुरी. बागेत जाताना दोन्ही एकत्र येतात, परतल्यावर पुन्हा आपापल्या खिळ्यावर.