थंड हवामानात कारचे इंजिन कसे गरम करावे

थंडीच्या सकाळी गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटे जागेवरच घुरघुरत ठेवण्याची सवय कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या) काळातली आहे. तेव्हा चोक ओढून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण हाताने वाढवावे लागे आणि गार इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये हे काम सेन्सर आणि संगणक सांभाळतात. त्यामुळे इंजिन गरम करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे थोडा वेळ थांबून गाडी हळुवारपणे चालवू लागणे.

सुरू करण्यापूर्वी काचांवरील बर्फ खरवडून काढावा (काचेवर गरम पाणी ओतू नये, ती तडकू शकते) आणि सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले नाही, याची खात्री करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग किंवा वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला मात्र जास्त जोर लागतो. म्हणून दिवे, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर बंद ठेवूनच चावी फिरवावी. डिझेल गाडीत ग्लो प्लगचा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या भागाचा) दिवा विझेपर्यंत थांबावे. गिअर हाताने बदलायचे असतील, तर क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे गिअरबॉक्समधील गार ऑइल घुसळण्याचा भार स्टार्टरवर पडत नाही. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइलच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तो विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. सुरुवातीला आरपीएम (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) नेहमीपेक्षा जास्त असतात, ते आपोआप उतरू लागतात. अॅक्सिलरेटर दाबून इंजिन गुरगुरवण्याची गरज नसते. अर्धा ते एक मिनिट पुरेसा आहे. कडाक्याच्या थंडीत दोन-तीन मिनिटे थांबावे, पण काचेतून स्पष्ट दिसू लागल्याशिवाय मात्र निघू नये.

जास्त वेळ उभे राहण्याचा तोटा फक्त इंधनाच्या खर्चापुरता नाही. भार नसलेले इंजिन फार सावकाश तापते. गार पेट्रोल इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त इंधन पुरवतो. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतींवरील ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली उतरून ऑइल पातळ करते. म्हणजे ज्या झिजेच्या भीतीने आपण थांबतो, तिलाच हातभार लागतो.

निघाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे संयम बाळगावा. पेट्रोल गाडीत आरपीएम साधारण २,५०० च्या आत आणि डिझेलमध्ये त्याहून कमी ठेवावेत, जोरात वेग घेऊ नये. मात्र वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये, कारण त्यानेही बेअरिंगांवर ताण येतो. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तापले, एवढेच कळते. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. टर्बोच्या गाडीत हे विशेष लक्षात ठेवावे. गिअरबॉक्समधील ऑइल, चाकांच्या बेअरिंगांमधील ग्रीस आणि टायर तर गाडी चालल्याशिवाय नीट तापतच नाहीत.

हीटरला उष्णता मिळते ती याच कूलंटमधून, त्यामुळे काटा हलू लागल्यावर ब्लोअर लावणे बरे. समोरची काच धुरकट होत असेल, तर अर्थातच वाट पाहू नये. एसीसह हवा काचेवर सोडावी, एसी हवेतील दमटपणा शोषून घेतो.

तापमान उणे १५ ते २० अंश सेल्सिअसच्या खाली जात असेल, तर इंजिन आधीच तापवणारा, विजेवर चालणारा ब्लॉक हीटर बसवून घ्यावा आणि निघण्यापूर्वी दोन-तीन तास चालू ठेवावा. ऑइलही गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच असावे: ५डब्ल्यू-३० मधील पहिला आकडा जितका लहान, तितके ते थंडीत सहज वाहते.

बराच वेळ चालवूनही काटा वर येत नसेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) उघडा अडकला असण्याची शक्यता आहे. तो तपासून घ्यावा.